“लागतंय ना?” याला खरं उत्तर देता यावं म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीपीटीएचचं (फिजिओथेरपीच्या पदवीचं) पहिलं वर्ष सुरू आहे. स्नायूंचे उगम, जोड, नसा सगळं पाठ आहे, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारलं तर सांगता येतं. पण प्रॅक्टिकलला जोडीदाराच्या हातापायावर बोटं ठेवली की कातडीखाली सगळं एकसारखंच मऊ लागतं. सर विचारतात, “लागतंय ना?” सगळे हो म्हणतात, म्हणून मीही हो म्हणते. हात तयार व्हायला किती वर्षं लागतात, की काहींच्या हातात ते मुळात नसतंच?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते. तुमच्या हातात काहीही कमी नाही. बोटाच्या टोकावर दोन टोकदार वस्तू 2 ते 4 मिलिमीटर अंतरावर टेकवल्या तरी त्या दोन आहेत हे कळतं. तळहाताला त्यासाठी साधारण 1 सेंटीमीटर अंतर लागतं आणि पाठीला 4 सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे शरीरात जिथे जाण फार बारीक, तिथेच आपण काम करतो. याच बोटांनी तुम्ही तांदळातला खडा काढता, कणीक सैल झाली की घट्ट हे न बघता सांगता, आंबा कोयीपर्यंत पिकलाय का ते चाचपता. जाण आहेच. फक्त ती स्नायू आणि हाडांच्या कामाला अजून जुंपलेली नाही.

खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही बोट ठेवता आणि आतली गोष्ट स्वतःहून ओळख देईल याची वाट बघता. जिवंत शरीरात तसं होत नाही. शरीररचनेच्या ॲटलासमध्ये नर्व्ह (मज्जातंतू) पिवळी आणि धमनी लाल असते, डिसेक्शन हॉलमधला (शवविच्छेदनाच्या खोलीतला) स्नायू फॉर्मॅलिनने ताठ झालेला असतो. जोडीदाराच्या हातात मात्र सगळं ओलसर, उबदार, एकमेकांवरून सरकणारं आणि वरून चरबीने झाकलेलं असतं. इथे बोटाने प्रश्न विचारावा लागतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा हालचालीतून मिळतं. “हे मऊ आहे की घट्ट?” हा प्रश्न फार ढोबळ झाला. “हा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) असेल तर आता मनगट उचलल्यावर बोटाखाली ताठ व्हायला हवा” हा प्रश्न कामाचा, कारण तो चुकूही शकतो.

किती दिवसांत जमेल हे मात्र बऱ्याच गोष्टींवर ठरतं. जोडीदार सडपातळ असेल तर मनगट आणि घोटा आठवड्याभरात ओळखीचे होतात. कंबरेचे खोल स्नायू भरलेल्या अंगाच्या माणसात अनुभवी हातालाही अंदाजानेच कळतात. सूज असेल तर सगळ्या कडा पुसल्या जातात. दुखत असेल तर रुग्ण नकळत स्नायू आवळून धरतो आणि तुम्हाला तो आवळलेला स्नायूच लागत राहतो. तुमचा हात गार असेल तरी तेच होतं. म्हणून तपासायचा भाग उशीवर, टॉवेलच्या गुंडाळीवर पूर्ण टेकलेला असला पाहिजे. बोटं चुकताहेत असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा दोष बसवण्याच्या पद्धतीत असतो. हवेत धरलेल्या हातात काहीही सैल नसतं.

आता दाब. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच: लागत नाही म्हणून आणखी जोरात दाबायचं. दाब वाढला की बोटाचा गर चपटा होतो, आतली जाण बोथट होते आणि तुम्हाला लागतो तो स्वतःच्याच बोटाचा ताण. शिवाय खालचा स्नायू विरोध करायला लागतो. नखाकडे बघा. ते पूर्ण पांढरं पडलं असेल तर तुम्ही ओळखण्याच्या दाबापलीकडे गेलात. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर त्यावर तर्जनी ठेवून 50 ग्रॅम, 200 ग्रॅम, 500 ग्रॅम, 1 किलो असा दाब द्यायला शिका. आधी आकडा बघून, मग डोळे मिटून. चार दिवसांत हाताला आकडे कळायला लागतात. कातडी आणि तिच्या लगेच खालचा थर 50 ग्रॅममध्ये कळतो, वरवरचे टेंडन 200 ग्रॅममध्ये, मांडीसारख्या ठिकाणचा खोल स्नायू किलोभर मागू शकतो. हे माझ्या कामातले अंदाज आहेत, नियम नव्हेत. तुलनेसाठी एक माहीत असू द्या: फायब्रोमायाल्जियाच्या (अंगभर दुखण्याच्या आजाराच्या) 1990 च्या निकषांत दुखरे बिंदू तपासायला सुमारे 4 किलोचा दाब धरलेला होता. दुखतंय का हे बघण्याचा दाब आणि काय आहे हे बघण्याचा दाब यांत इतका फरक असतो. दोन्ही कामं एकाच वेळी करू नका.

दुसरी चूक म्हणजे बोट एका जागी ठेवून थांबणं. स्थिर स्पर्शाची सवय त्वचेला चटकन होते. मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटांनी जाणवत नाही, तसंच. बोट हललं पाहिजे, पण कातडीवरून घसरून नाही. कातडी बोटाला चिकटवून तिच्यासकट खालच्या थरावर पुढेमागे न्या. म्हणूनच ओळखायला शिकताना तेल किंवा पावडर लावू नका. हलवायची दिशा तंतूंना आडवी. उभ्या ठेवलेल्या सुतळीवरून बोट उभंच फिरवलं तर काही कळत नाही, आडवं नेलं की ती टुणकन लागते. वेग हळू, साधारण सेकंदाला एक फेरी. खोल दाबावं लागणार असेल तर एका हाताची बोटं सैल ठेवून त्यांच्यावर दुसरा हात ठेवा. वरचा हात दाबेल, खालचा फक्त जाणून घेईल. एकच हात दोन्ही कामं करायला गेला की जाणण्याचं काम बुडतं.

कोणत्या थराला काय विचारायचं हे एकदा नक्की झालं की गोंधळ बराच कमी होतो. हाड घट्ट असतं, दाबलं तरी आकार बदलत नाही आणि त्याला कडा असतात. स्नायू आकुंचनाने फुगतो आणि घट्ट होतो. टेंडन आकुंचनाने ताठ होतो पण फुगत नाही, आणि स्नायू सैल असताना बाजूला सरकवता येतो. लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला, आकुंचनाशी घेणंदेणं नसतं. सांध्याची स्थिती बदलली की ते ताणलं किंवा सैल होतं. धमनी ठोका देते. शीर (व्हेन) दाबली की रिकामी होते, हात हृदयाच्या वर उचलला की मावळते. नर्व्ह गोल, गुळगुळीत, टेंडनपेक्षा थोडी लवचीक. आडवी हलवली की बोटाखालून निसटते आणि तिच्या पुढच्या भागात मुंग्या येतात. आपल्या रोजच्या मराठीत ‘शीर’ आणि ‘नस’ हे शब्द टेंडन, नर्व्ह आणि रक्तवाहिनी या तिन्हींसाठी सर्रास वापरतात. रुग्ण “शिरेवर शीर चढली” म्हणतो तेव्हा तो बहुतेकदा आवळलेल्या स्नायूबद्दल बोलत असतो. त्या एका शब्दातून नक्की काय ते बोटांनीच वेगळं काढावं लागतं.

सुरुवात मनगटापासून करा. तिथे चरबी कमी आणि चारपाच वेगवेगळे थर एका टिचभर जागेत. जोडीदाराचा हात टेबलावर, तळवा वर. हलकी मूठ मिटून मनगट स्वतःकडे वाकवायला सांगा आणि तुमच्या हाताने थोडा विरोध करा. दोन दोऱ्या वर येतात. मधली बारीक आणि अगदी कातडीलगतची ती पामॅरिस लाँगसची. अंगठ्याच्या बाजूची जाड ती फ्लेक्सर कार्पाय रेडियालिसची. मधली दिसलीच नाही तर घाबरू नका. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट वाकवायला सांगा, तरीही आली नाही तर तो स्नायू त्या हातात नाहीच. सुमारे दर सहासात जणांत एकाला तो नसतो, हे प्रमाण लोकसमूहाप्रमाणे बदलतं, आणि त्याने कामात काही अडत नाही. निम्मा वर्ग नसलेली दोरी ‘लागली’ म्हणून सांगतो, ते इथेच.

आता जाड दोरीवर बोट ठेवून जोडीदाराला मूठ आणि मनगट सैल सोडायला सांगा. ताठ दोरी बोटाखाली मावळेल, पण तिची जागा आता तुम्हाला माहीत आहे. हलक्या हाताने आडवं गेलात तर ती सैल फितीसारखी लागेल. हा क्षण महत्त्वाचा आहे. ताठ असताना कोणालाही लागते, सैल असताना लागली तर तुम्ही शिकलात. तिथून बोट अंगठ्याच्या बाजूला अर्धा सेंटीमीटर न्या. एका मऊ घळीत पडेल आणि तिथे ठोका असेल. वैद्य नाडी बघतात तीच ही जागा. तीन बोटं ओळीने ठेवा, कोपराकडच्या बोटाने हळूहळू दाब वाढवा आणि पुढच्या बोटांखालचा ठोका कसा मंदावतो ते बघा. कधीकधी तो पूर्ण जात नाही, कारण तळहातातल्या धमन्यांच्या कमानीतून करंगळीच्या बाजूचं रक्त उलटं येऊन पोहोचतं. इथे हाताने शरीररचना वाचायला सुरुवात होते.

मग करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीवरच, वाटाण्याएवढं हाड आहे, पिसिफॉर्म. मनगट वाकवून पूर्ण सैल ठेवलं असताना ते दोन बोटांत धरून बाजूला डुलवता येतं. आता करंगळीच्या दिशेने मनगट वाकवायला सांगा. फ्लेक्सर कार्पाय अल्नारिस त्याला खेचून धरतो आणि ते हलायचं थांबतं. एकाच बोटाखाली हाड, टेंडन आणि हालचाल तिन्ही कळतात असा हा भाग. यावर दहा मिनिटं घालवली तरी कमीच. मधल्या दोरीच्या आणि या बाजूच्या टेंडनच्या मधोमध बोट ठेवून नुसती बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवायला सांगितली तर खाली बोटांचे टेंडन वळवळताना लागतात. मीडियन नर्व्ह मधल्या भागात खोलवर असते आणि निरोगी हातात ती वेगळी अशी हाताला लागत नाही. तिथे लागलेल्या दोरीला नर्व्ह म्हणू नका.

मनगटाच्या वरच्या बाजूला अंगठा ताणला की जो खळगा पडतो, त्याच्या तळाशी स्कॅफॉइड हे मनगटाचं छोटं हाड असतं. हात टेकवून पडल्यावर तिथे दाबून दुखत असेल तर पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी फ्रॅक्चर नाही असं धरून चालायचं नाही. डॉक्टरांकडे परत पाठवा.

मनगट जमलं की कोपराची बाहेरची बाजू. तिथला हाडाचा उंचवटा, लॅटरल एपिकाँडाइल, सहज सापडतो. त्याच्या पुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीइतक्या अंतरावर बोट ठेवा, कोपर काटकोनात, आणि जोडीदाराला किल्ली फिरवल्यासारखा हात उलटसुलट करायला सांगा. बोटाखाली एक गोल हाड फिरताना लागेल, ते रेडियसचं (हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं. काहीच फिरत नसेल तर तुम्ही अजून वरच्या उंचवट्यावर आहात किंवा फार पुढे गेला आहात. टेनिस एल्बोत दुखणारा एक्स्टेन्सर कार्पाय रेडियालिस ब्रेव्हिस आणि त्याच्या शेजारचा बोटं सरळ करणारा स्नायू हे दोन वेगळे काढणं तिथेच शिकता येतं. बोटं हलकी मिटलेली ठेवून फक्त मनगट उचललं तर पहिला फुगतो. मनगट स्थिर ठेवून बोटं एकेक टेबलावर आपटली तर दुसरा थरथरतो. हे न करता नुसतं दाबून “हा दुखतोय” असं म्हटलं तर कोणता, ते तुम्हालाही माहीत नसतं.

लिगामेंट आणि टेंडन यांतला फरक गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जितका स्वच्छ कळतो तितका दुसरीकडे क्वचित. जोडीदाराला बसवून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला सांगा, अर्धी मांडी घातल्यासारखं. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यापासून फिब्युलाच्या (पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्यापर्यंत एक गोल दोरी ताणली जाते, रिफिलपेक्षा थोडी जाड. हे बाहेरचं, लॅटरल लिगामेंट. आता पाय हलवायचा नाही, फक्त स्नायू आवळायचे: टाच स्वतःच्या खुर्चीकडे ओढायचा प्रयत्न करायला सांगा आणि तुम्ही घोटा धरून ठेवा. लिगामेंटमध्ये फरक पडत नाही, पण त्याच्या मागे, त्याच डोक्यावर येणारी दुसरी जाड दोरी एकदम टणक होते. तो बायसेप्स फीमोरिसचा टेंडन. मग पाय खाली सोडायला सांगा: लिगामेंट सैल होऊन हरवतं. आकुंचनाला उत्तर देतो तो टेंडन, स्थितीला उत्तर देतं ते लिगामेंट. आतल्या बाजूचं लिगामेंट मात्र रुंद, चपटं असतं. ते दोरीसारखं लागणार नाही, तिथे शोधत बसू नका.

पाठीचे थर याच पद्धतीने पण वेगळ्या युक्तीने. तिथे दोन स्नायू एकावर एक असतात आणि वरचा आड येतो. मग असा आदेश शोधायचा की खालचा काम करेल आणि वरचा गप्प बसेल. पोटावर झोपलेल्या जोडीदाराला हात पाठीमागे कंबरेवर ठेवायला सांगा, मग तो हात पाठीपासून वर उचलायला सांगा. स्कॅप्युला (खांद्याचं पातं) खाली वळते, त्या कामात वरच्या स्नायूला, ट्रॅपेझियसला, फारसं स्थान नाही, आणि मणक्यांपासून स्कॅप्युलाच्या कडेकडे तिरपे खाली उतरणारे ऱ्हाँबॉइडचे तंतू बोटाखाली फुगतात. तंतूंची दिशा ही इथली ओळख: मधला ट्रॅपेझियस जवळपास आडवा, ऱ्हाँबॉइड तिरपा, त्याखालचे कण्यालगतचे स्नायू उभे. बोट तिन्ही दिशांना आडवं नेऊन बघा आणि कोणत्या दिशेला कडा सर्वांत स्पष्ट लागते ते ठरवा. एक लक्षात असू द्या, पाठीवर रुग्ण बोटाने दाखवतो ती जागा ढोबळ असते. मघाशी सांगितलेले 4 सेंटीमीटर आठवा. “इथेच दुखतंय” याचा अर्थ या बाजूला कुठेतरी.

आता हालचाली. एक हात हलवतो, दुसरा ऐकतो, ही वाटणी पक्की करा. सोपा सराव म्हणजे कोपर. स्वतः सांधा हलवा, रुग्णाने काही करायचं नाही, आणि शेवटाला जाऊन हलका जास्तीचा दाब द्या. कोपर सरळ करताना शेवट टणक लागतो, हाडाला हाड टेकल्यासारखा. वाकवताना शेवट मऊ असतो, दंड आणि हाताचं मांस एकमेकांना टेकतं. खांदा कोपर अंगालगत ठेवून बाहेर वळवला तर शेवट चामड्याचा पट्टा ताणल्यासारखा, घट्ट पण थोडी ओढ देणारा. ‘एंड फील’ची, म्हणजे हालचालीचा शेवट हाताला कसा लागतो याची, ही विभागणी लंडनमधले डॉक्टर जेम्स सिरिॲक्स यांनी रूढ केली आणि आजही तपासणीत तीच वापरतो. बिघाड ओळखायचा तर निरोगी शेवट कसा असतो हे आधी पन्नास सांध्यांत हाताला कळलेलं हवं. गुडघा सरळ होता होता मध्येच रबरासारखा उडून परत येत असेल तर आत काहीतरी अडकलंय, बहुधा मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी). हाताला काहीच विरोध लागायच्या आधी रुग्ण कळवळून थांबवत असेल तर पुढे जायचं नाही. विरोध आधी येतो की दुखणं आधी, हे प्रत्येक वेळी मनात नोंदवा. उपचार किती जोराचा करायचा ते त्यावर ठरतं.

खांद्यात दोन हालचाली एकात मिसळलेल्या असतात. हात पूर्ण वर नेताना साधारण 120 अंश दंडाच्या सांध्यातून आणि 60 अंश स्कॅप्युलाच्या वळण्यातून येतात. इनमन आणि सहकाऱ्यांनी 1944 मध्ये मांडलेलं हे 2:1 चं गुणोत्तर आहे. स्कॅप्युलाच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवा आणि जोडीदाराला हात बाजूने हळू वर न्यायला सांगा. सुरुवातीच्या 30 अंशांत टोक फारसं हलत नाही, नंतर ते बाहेर आणि पुढे सरकायला लागतं. फ्रोझन शोल्डर असलेल्या माणसात तेच टोक जवळजवळ लगेच पळायला लागतं, कारण खरा सांधा अडकलाय आणि स्कॅप्युला त्याची भरपाई करतेय. नुसतं डोळ्यांनी बघितलं तर “हात 90 अंशांपर्यंत जातो” एवढंच कळतं. त्या 90 मधले किती कोणाचे, ते अंगठा सांगतो.

मणक्यांबद्दल मात्र तुम्हाला सावध करायचं आहे. मानेच्या बुडाशी जो उंचवटा लागतो तो सातवा मणका असं सरसकट शिकवतात, पण तो सहावा किंवा छातीचा पहिलाही असू शकतो. दोन उंचवट्यांवर दोन बोटं ठेवून मान मागे टाकायला सांगा. सहावा पुढे सरकून बोटाखालून निसटतो, सातवा राहतो. कंबरेला दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या मणक्यावरून जाते म्हणतात. एक्स-रेवर ते बऱ्यापैकी खरं असलं तरी हाताने घेतलेली रेषा कातडी आणि चरबीच्या जाडीमुळे बऱ्याचदा एक मणका वर येते. आणि “या मणक्याची हालचाल कमी आहे” हे बोटांनी ठरवण्याच्या बाबतीत दोन अनुभवी तपासणाऱ्यांचं मत फारसं जुळत नाही, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दाबल्यावर दुखतं की नाही यावर मात्र ते बरंच जास्त जुळतं. त्यामुळे पाठीच्या बाबतीत तुम्हाला काही ‘लागलं’ नाही तर ती तुमची नापासी समजू नका. दुखरेपणावर आणि रुग्णाच्या हालचालीवर जास्त भर द्या.

नर्व्ह चाचपायला शिकणं आपल्याकडे केवळ परीक्षेपुरतं नाही. कुष्ठरोगाच्या निदानात जाड झालेली नर्व्ह, तिच्या भागातली गेलेली संवेदना किंवा आलेला अशक्तपणा, ही एक मुख्य खूण आहे. वर्ध्यात 1951 पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने गावोगाव तपासणीचं काम उभं केलं, वरोऱ्याजवळ आनंदवन आहे, आणि विदर्भात काम करणाऱ्या कोणाही फिजिओथेरपिस्टला हे कौशल्य लागतंच. कोपर काटकोनात वाकवा, आतल्या उंचवट्यामागच्या खोबणीत बोटाचा गर ठेवा आणि अल्नार नर्व्ह हलकेच आडवी फिरवा. बोट तिच्यावर, नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर. खोबणीच्या थोडं वरही बघा, जाडी पुष्कळदा तिथे असते. गुडघ्याखाली फिब्युलाच्या डोक्याच्या लगेच खाली, त्याच हाडाच्या मानेवरून पुढे वळणारी कॉमन पेरोनियल नर्व्ह अशीच सापडते. मान एका बाजूला वळवली की ताणलेल्या स्टर्नोमॅस्टॉइडवरून (मानेच्या बाजूच्या स्नायूवरून) कानाकडे तिरपी चढणारी ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह दिसतेसुद्धा. दोन्ही बाजूंची तुलना करा, पण दोन्ही बाजू जाड असू शकतात, म्हणून निरोगी माणसांच्या नर्व्हची जाडी हाताला आधीच माहीत हवी. वर्गातले चाळीस जोडीदार त्यासाठीच आहेत. काहींमध्ये कोपर वाकवताना अल्नार नर्व्ह हाडावरून पुढे घसरते, तो आजार नव्हे. आणि नर्व्हवर बोट रोवून बसू नका; दोनतीन हलक्या फेऱ्या पुरतात.

जिथे हात आवरायचा ती ठिकाणं आत्ताच पाठ करा. मानेच्या दोन्ही बाजूंचे ठोके एकाच वेळी दाबायचे नाहीत. ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली असेल तर चोळणं आणि खोल दाबणं बंद, डॉक्टरांकडे पाठवा. मानेत, काखेत, जांघेत टणक आणि खालच्या थराला चिकटलेली गाठ लागली तर तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. सराव जोडीदारावर असला तरी आधी विचारा, कुठे हात लावणार ते सांगा, बाकी अंग चादरीने झाका, नखं कापा. मुली-मुलांच्या जोड्यांचा संकोच असेल तर शिक्षकांना सरळ सांगा. संकोचाने आवळलेल्या स्नायूत कोणालाही काही लागत नाही.

सरावाची पद्धत मी अशी सुचवते. रोज पंधरा मिनिटं, एकच भाग. वहीत आधी लिहायचं: काय शोधणार, ते कुठल्या दिशेला धावतं, साधारण किती जाड, आणि कोणती हालचाल केली की बोटाखाली काय बदलायला हवं. मग हात लावायचा. मग काय बदललं ते लिहायचं, बदललं नसेल तर तेही. त्यानंतर पुसता येईल अशा पेनने कातडीवर खूण करा, जवळच्या हाडाच्या टोकापासून अंतर टेपने मोजा, पुसा आणि दुसऱ्या जोडीदाराला न सांगता तेच करू द्या. रेडियसच्या डोक्यासारख्या ठिकाणी दोघांत 5 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर पुढच्या भागाकडे जाऊ नका. आठवड्यातून एकदा जोडीदार बदला: बारीक, भरलेला, व्यायाम करणारा, शक्य असेल तर घरातले आजी-आजोबा. म्हाताऱ्या हातावर टेंडन आणि शिरा इतक्या उघड असतात की पुस्तकाची गरजच पडत नाही.

घरी एकट्याने करायचं असेल तर वर्तमानपत्राच्या पानाखाली एक केस ठेवा, डोळे मिटून शोधा, मग पानांचे थर वाढवत जा. लहान कापडी पिशव्यांत मोहरी, साबुदाणा, मूग भरून टॉवेलच्या घड्यांवरून ओळखायचा खेळही चालेल. पण हे बोटं जागी करायला आहे. यावरून शरीर ओळखता येईल असं नाही, त्याला माणूसच लागतो.

राहिला सरांच्या प्रश्नाचा मुद्दा. पुढच्या वेळी “लागतंय ना?” असं विचारलं आणि लागत नसेल तर म्हणा, “नाही सर, तुमचं बोट ठेवाल का, मी माझं तुमच्या बोटाखाली घालते.” शिक्षकाच्या बोटाचा दाब, वेग आणि दिशा तुमच्या नखावर कळते, आणि खाली काय आहे ते तुमच्या गरावर. मग बोटांची जागा बदला: तुमचं वर, त्यांचं खाली, आणि त्यांना विचारा की दाब जास्त होतोय का.

ज्या मुली-मुलांनी ‘हो’ म्हटलं त्यांपैकी किती जणांना खरंच लागलं होतं, हे तुमची वही आणि टेप घेऊन त्यांच्याबरोबर एकदा मोजून बघा.